कॅनडातला ग्रेट स्लेव्ह लेक: कधी जावं, काय बघावं?

तुम्ही विचारलंय, जून की फेब्रुवारी? माझं मत ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. जूनमध्ये या सरोवराच्या पूर्वेकडे अजून बर्फ तरंगत असतो, आणि पाठोपाठ डास असे तुटून पडतात की विचारू नका. शिवाय रात्र धड होतच नाही, मग नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेकडच्या रात्रीच्या आकाशातला तो रंगीत उजेड, दिसणार कुठून? सप्टेंबरमध्ये पाणी मोकळं असतं, त्यामुळे तो हिरवा उजेड वर आणि खाली, दोन्हीकडे दिसतो.

सरोवर सुमारे २७,००० चौ. किमी आणि उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल, ६१४ मीटर. ही खोली पूर्वेकडच्या फाट्यात आहे. उंच कडे, बेटं, रस्ता नाही. जायचं तर बोट किंवा पाण्यावर उतरणारं छोटं विमान. खिसा बराच हलका होतो. तिथेच २०१९ पासून थाइडेने नेने राष्ट्रीय उद्यान आहे. लेक ट्राउट इथला प्रसिद्ध मासा. थंड पाण्यात तो फार सावकाश वाढतो, म्हणून मोठा मासा गळाला लागला तर सोडूनच द्या. गळ टाकायला परवाना लागतो.

पश्चिमेकडून गाडीने सरोवराकाठच्या येलोनाईफ शहरात येणार असाल तर संध्याकाळी वेग कमी ठेवा. रानगवे रस्त्यातच ठाण मांडतात आणि हॉर्नला अजिबात जुमानत नाहीत.

फेब्रुवारीच हवा असेल तर येलोनाईफहून जवळच्या डेटाह गावाला गोठलेल्या सरोवरावरच्या रस्त्याने गाडी चालवा. वाऱ्याने बर्फ झाडला गेला की चाकाखाली काळीशार काच आणि तिच्यात पांढऱ्या भेगा.