सहकारी सोसायटीची जर्मन व्हाइट वाईन कशी असते?

प्रश्न: मी सध्या स्टुटगार्टला असते. कलीगने बोडनझे तलावाकाठच्या हाग्नाउ गावातल्या सहकारी सोसायटीची म्युलर-थुरगाउ नावाच्या द्राक्षाची वाईन दिलीय. सहकारी म्हणजे स्वस्तातली, गोडमिट्ट असते का हो?

उत्तर: अजिबात नाही, छान गिफ्ट मिळालंय तुम्हाला! ही सोसायटी 1881 सालची, बाडेन भागातली सगळ्यात जुनी, आणि ती उभी केली गावच्या पाद्रींनी, हाइनरिश हान्सयाकोब त्यांचं नाव, लेखकही होते, बागायतदारांनी व्यापाऱ्यांच्या भावावर अवलंबून राहू नये म्हणून त्यांनी सगळ्यांना एकत्र आणलं. आपल्या साखर कारखान्यासारखंच, माल सभासदांचा, गाळप न् विक्री एकत्र. मला तर हे फार मोठं काम वाटतं.

गोडीचं म्हणाल तर लेबलवर ट्रोकन लिहिलंय का बघा, म्हणजे लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर, गोड लागत नाही. हाल्बट्रोकन असेल तर जराशी गोडसर. या द्राक्षात रीसलिंग या दुसऱ्या द्राक्षापेक्षा आंबटपणा कमी आणि वास फुलांसारखा, त्यामुळे प्लीज वर्षानुवर्षं जपून ठेवू नका, ताजीच प्यायची असते, चांगली गार करून. तिथे तलावातल्या फेल्खेन माशाबरोबर घेतात. तुम्हीही साधा तळलेला मासा करा, तिखट रस्सा मात्र नको, त्यात तिचा नाजूक वास पार हरवतो.