एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला) नवीन लागलेल्या सायकॉलॉजिस्टला

अगं, पहिल्या आठवड्यात घाबरून जाऊ नकोस. एम.ए.ला शिकलेल्या टेस्ट, स्केल सगळं कामाला येतं पण नंतर, एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हटल्यावर पुढची काही मिनिटं माणसाच्या कानात काही शिरतच नाही, तेव्हा सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी किती, व्हायरल लोड म्हणजे रक्तात व्हायरस किती, हे सांगत बसू नकोस, नुसती जवळ बस.

गोळ्या घेता का विचारलंस की सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा "मागच्या चार दिवसांत कुठली राहिली?" असं विचार आणि डबी उघडून गोळ्या मोज. माझ्याकडची एक ताई गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायची, सासू स्वयंपाकघरात असली की डोस चुकायचा, आणि फाइलवर शेरा काय तर 'निष्काळजी'! मला फार वाईट वाटलं. आम्ही वेळ बदलली, सासू देवळात जाते तेव्हाची.

नातेवाईक कितीही मागे लागले तरी पेशंटच्या संमतीशिवाय स्टेटस, म्हणजे एचआयव्ही आहे की नाही, सांगायचं नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदा नीट वाचून ठेव. झोप, भूक, जीव द्यायचे विचार हे दरवेळी विचारायचंच. आणि जोडप्याला हे नक्की सांग की नियमित औषधाने व्हायरस रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे ऐकून कित्येक जण तिथेच रडतात.

रिसर्चचं काम आलं तर संमतीपत्र आधी मोठ्याने वाचून बघ, तुलाच अडखळायला झालं तर पेशंटला काय कळणार.