दीड लाख न भरता लेख खुला?

प्रश्न : मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. लेख स्वीकारला गेला, पण तो सर्वांसाठी खुला ठेवायला नियतकालिक दीड लाख मागतंय. ग्रंथपालांना विचारून उपयोग होईल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : होईल, मॅडम, पण प्रकाशकाच्या करारावर सही करण्याआधी विचारा. बावीस वर्षं ग्रंथालयात काढली, हल्ली निम्मा वेळ करारातली बारीक अक्षरं वाचण्यातच जातो. प्रकाशकांचे नियम सांगणाऱ्या ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) या संकेतस्थळावर नियतकालिकाचं नाव टाकलं की कळतं, स्वीकारलेला मसुदा संस्थेच्या डिजिटल संग्रहात सर्वांसाठी खुला कधी ठेवता येईल. काही ठिकाणी लगेच, काही ठिकाणी वर्षभराने. याला फुटकी कवडी लागत नाही. प्रकाशकाने सजवलेली पीडीएफ मात्र सहसा चालत नाही, तपासणीनंतरची तुमची वर्ड फाइलच लागते. मागे एक सर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा तीन फायली घेऊन आले. खरी सापडेपर्यंत दोघांचा चहा गार!

पुढच्या लेखासाठी डीओएजे ही सर्वांसाठी खुल्या नियतकालिकांची ऑनलाइन यादी बघा. २००३पासूनची आहे, आणि तिथली बरीचशी नियतकालिकं लेखकाकडून शुल्क घेत नाहीत. ‘चार दिवसांत छापतो’ असा मेल आला, तर तो फसवा असू शकतो, उत्तरही देऊ नका. तो आधी तुमच्या ग्रंथपालांना दाखवा.