नोकरी सांभाळून कॅट आणि एमबीए सीईटी दोन्ही द्यायच्या आहेत, अभ्यास कधी सुरू करू?

जूनपासून फक्त कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास धरा; सीईटीची, म्हणजे महाराष्ट्राच्या एमबीए प्रवेश परीक्षेची, वेगळी तयारी डिसेंबरपासून पुरते. मी या परीक्षांचं गणित शिकवतो. नोव्हेंबरअखेरच्या कॅटसाठी केलेलं गणित आणि उतारे सीईटीला थेट कामी येतात. खरा फरक वेगाचा. सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एकाला 45 सेकंद. पण चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. कॅटमध्ये पर्याय चुकला की 1 गुण जातो. डिसेंबरनंतर भर द्या:

- सीईटीत आकृत्यांचे 25 प्रश्न असतात, त्यांचा रोज थोडा सराव
- घड्याळ लावून सराव परीक्षा, आणि तितकाच वेळ चुका तपासायला

दहावीनंतर गणित सुटलं असेल, तर मात्र मार्चपासूनच बसा.