तुमचे प्रश्न: शेतीशाळा, बियाणं आणि सातबारा

प्रश्न: आमच्या बचत गटात 40 जणी आहेत, पण सोयाबीनच्या शेतीशाळेला चार-पाचच येतात. गावातले म्हणतात, बायकांना यात रस नाही. काय करावं? (गटाची सीआरपी म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, ता. परतूर, जि. जालना)

उत्तर: ताई, आधी शेतीशाळेची वेळ बघा. सकाळी 11 ला बोलावलं की रोजंदारीवर जाणारीचा दिवस बुडतो. मे महिन्यात ऊन तापल्यावर रानातलं काम थांबतं, तेव्हा दुपारी 1 ते 3 बरं. नळाचा किंवा टँकरचा दिवस मात्र टाळा. खुरपणी लागली की भाकरीच्या सुट्टीत बांधावरच अर्धा तास घ्या. एका वेळी 20 जणी पुरे, आणि विषय एकच.

पहिला विषय उगवण चाचणीचा ठेवा, कारण बियाणं निवडणं-पाखडणं बहुतेक घरांत बायकांकडेच असतं. ओल्या गोणपाटावर 10-10 च्या ओळीत 100 दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी नुसतं शिंपडा. सातव्या-आठव्या दिवशी निरोगी कोंब मोजा. 70 आले तर एकरी 30 किलो बियाणं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. 60 च्या खाली आलं तर ते बियाणं पेरूच नका. इथे हमखास चूक होते ती टपोरे दाणे वेचून मांडण्याची. मग चाचणीत 85 येतात आणि रानात तुटाळ पडते, म्हणजे ओळीत मधेमधे रोपंच उगवत नाहीत. पोत्यातून वरून, मधून, खालून मूठ-मूठ घ्या आणि न निवडता मोजा.

बीजप्रक्रिया प्रत्येकीच्या हातून करून घ्या, नुसती दाखवू नका. किलोला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक आधी. रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं, 10 किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम, पेरणीच्या थोडं आधी. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. सोयाबीनचं साल पातळ असतं. हाताने चोळलं किंवा पाणी जास्त झालं की ते सुटतं आणि दाणा कुजतो. दोघींनी ताडपत्रीची टोकं धरून बी लोळवावं, मग सावलीत सुकवावं. हातमोजे हवेतच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना औषध हाताळायला देऊ नका. घरातलं घमेलं वापरू नये, उरलेलं बी शेळीपुढे टाकू नये.

रस नसल्याचं म्हणाल, तर सातबाऱ्यावर नाव असलेल्याला प्रशिक्षण द्यायचं आणि काम दुसऱ्याच हातांनी करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

प्रश्न: प्रशिक्षण घेतलं, पण जमीन मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावावर आहे. मला अवजाराला अनुदान मिळेल का? (वाचक, जि. हिंगोली)

उत्तर: वैयक्तिक अर्जाला शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीवरून निघतो, म्हणजे आधी सातबाऱ्यावर तुमचं नाव हवं. 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजनेत नवरा आपल्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. अर्ज त्यांनीच करायचा, तहसीलदारांकडे. त्यांची संमती नसेल तर ही वाट बंद. जमीन सामाईक खात्यात असेल तर आधी वाटणीचं बघावं लागेल. नोंद करताना नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहायला सांगा. एकीकडे ‘सुमन’ आणि दुसरीकडे ‘सुमनबाई’ झालं तर पुढे ओळख क्रमांक काढताना अडतं.