वाचलं की लिहावंसं वाटतं, लिहिलं की चोरी वाटते

हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता समोरच्याने पिशवीतून वही काढली तरी मला अंदाज येतो. "मॅडम, चांगली कविता वाचली की लिहायची हुक्की येते, पण लिहिलं की ते त्या कवीचंच वाटतंय, म्हणजे मी चोर का?" कॉलेजची पोरं विचारतात, रिटायर्ड गुरुजीही विचारतात. म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

चाळिशीचे गृहस्थ, गाव करवीर तालुक्यातलं, नोकरी पतसंस्थेत. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर आले ते झोप लागत नाही म्हणून, आणि तिसऱ्या भेटीत कळलं की झोप उडवलीय बहिणाबाईंनी! आधी हाताला चटके, मग भाकर, ही ओळ वाचल्यापासून यांना रोज लिहावंसं वाटायचं, लिहायला बसले की त्यात तवाच यायचा आणि रात्री दोनला पानं फाडायची. (बायको म्हणे, घरात गॅस आणि ह्यांच्या वहीत चुली.)

आधी माझी चूक कबूल करते. मी सांगून बसले, महिनाभर कविता वाचूच नका. त्यांनी खरंच वाचली नाही, आणि लिहिलंही नाही. "हीर आटल्यागत झालंय मॅडम."

मग गप्प बसून नीट ऐकलं. 'असंच झालं पाहिजे' या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो असं सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मी मानणारी, त्यामुळे बोलण्यातला 'च' माझ्या कानाला लगेच टोचतो. "पहिली ओळ माझीच पायजे, नवीच पायजे, न्हाईतर काय उपयोग?"

"हा नियम कुणी घातला?"

"कुणी न्हाई. असतोयच की."

बघा, परत च! मी म्हटलं, नामदेवांनी स्वप्नात येऊन जागं केलं आणि कवित्व कर म्हणून सांगितलं, हे तुकोबा स्वतः अभंगात सांगतात, दोघांत जवळपास 300 वर्षांचं अंतर. त्यांनी उघड सांगितलं कुणी जागं केलं ते, तुम्ही का लपवताय? यावर ते पहिल्यांदा हसले. पण हसल्याने लिहिता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून पुढचा प्रश्न विचारला, आणि खरं सांगू, तो प्रश्न विचारल्याचं मला अजून बरं वाटतं.

"बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. समोर जे होतं त्यातून त्या बोलल्या, लिहून घेतलं दुसऱ्यांनी. त्यांच्यासमोर तवा होता. तुमच्या घरात चटका कुठं बसायचा?"

पंखा फिरत होता. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गुऱ्हाळात. आमचं आण्णा गुळव्या हुतं. काहिलीतला उकळता रस गार पाण्यात टाकायचं आन बोटात धरून गोळी हुतीय का बघायचं, आयुष्यभर. आता रेशन दुकानात मशीनवर त्यांचा अंगठा लागत न्हाई."

हे बोलून स्वतःच दचकले. आणि लगेच, "पण चटका बहिणाबाईचाच आला की ओ मॅडम!"

म्हटलं येऊ दे. अंगठा कुणाचा आहे?

तर जे जे हे विचारतात त्यांना मी आता असं सांगते. कविता वाचा, पुन्हा वाचा, आवडली तर हाताने उतरवून काढा, उतरवल्याने हात वळतो. फक्त ती वही वेगळी ठेवा, ते लिखाण आपल्या नावावर ग्रुपवर टाकायचं नाही, ती मात्र खरंच चोरी. मग पुस्तक मिटून एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी यमक नको, छंद नको, त्या ओळीने आपल्या घरातलं काय आठवलं ते साध्या गद्यात लिहा, वस्तूंच्या नावांसकट. आणि कुणामुळे सुचलं ते वर एका ओळीत लिहून टाका, मनावरचं निम्मं ओझं तिथंच उतरतं. लिहून झाल्यावर तवा तुमच्या घरचा नसेल तर खोडा. असेल तर राहू दे, भाकरी काय एकाच घरात भाजत नाहीत.

ते शेवटचे आले तेव्हा आठ ओळी होत्या. आण्णांना वाचून दाखवल्या म्हणाले.

"मग काय म्हणाले आण्णा?"

"म्हणालं, बर्फागत गार पाणी कुठनं आणलंस? हिरीचं साधं पाणी असतंय." आता ती ओळ ते परत लिहितायत.