वडाची ढोली बुजवावी का?

प्रश्न : आमच्या गावच्या मारुतीच्या पारावरचा वड पणजोबांच्याही आधीचा आहे. बुंध्यात माणूस बसेल एवढी ढोली पडलीय. ती सिमेंटने बुजवून पाराला फरशी करायचं ग्रामपंचायतीत घाटतंय. चालेल का? आणि झाडाचं वय कसं काढायचं?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : दोन्ही कामं थांबवा. बुंध्याचा गाभा तसाही मृतच असतो. पाण्याची आणि अन्नाची ने-आण सालीलगतच्या थरांतून होते. म्हणून पोकळ वडही वर्षानुवर्षं हिरवागार राहतो. सिमेंट झाडाबरोबर वाऱ्यात डुलत नाही. कडेला फट पडते, तिच्यात पाणी मुरतं आणि कूज आतल्या आत पसरते. सुटा भुगा हाताने काढा, लाकूड खरवडू नका. पिंगळे राहायला आले तर राहू द्या. धोका विस्तवाचा आहे : वटपौर्णिमेचे दिवे ढोलीपासून लांब लावायला सांगा, मोहोळ काढायला तिथे धूर करू देऊ नका.

फरशीने याहून जास्त नुकसान होईल. अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात. फरशीखाली त्यांना ना हवा मिळते ना पाणी. आधीचं काँक्रीट असेल तर छिन्नी-हातोड्याने फोडा, जेसीबी नको. बुंध्याभोवती निदान दोन मीटर माती मोकळी ठेवा. पार भरताना बुंध्यावर चढवलेली माती हळूहळू उतरवा, तिच्याखाली साल कुजते. वर चार बोटं पालापाचोळा पसरा, बुंध्यापासून वीतभर दूर. उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा फांद्यांच्या घेराखाली सावकाश पाणी सोडा.

पारंब्या तोडू देऊ नका. आडव्या जड फांदीखालच्या दोन-चार निवडून, उभ्या चिरलेल्या बांबूत माती-शेणखत भरून त्यातून जमिनीपर्यंत आणा. पुढे त्याच टेकू होतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा बुरशीमुळे 1925 मध्ये काढावा लागला. झाड आजही पारंब्यांवर उभं आहे.

वयाचं म्हणाल तर वडात मोजता येतील अशी वर्षवलयं मिळत नाहीत, आणि पारंब्या बुंध्यात मिसळल्यामुळे घेरही फसवतो. तरी छातीच्या उंचीला, म्हणजे 1.37 मीटरवर, घेर मोजून तारखेसह लिहून ठेवा. 'हजार वर्षांचा वड' अशी पाटी मात्र लावू नका.

पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' ठरवणारी 2021 ची दुरुस्ती शहरी भागातल्या वृक्ष कायद्यातली आहे, ग्रामपंचायतीला ती लागू नाही. तुमच्या हातात 2002 चा जैवविविधता कायदा आहे. त्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. फरशीचा ठराव येण्याआधी तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हा वड घेर, फोटो आणि जागेसह नोंदवून घ्या.